घट

सुटीचा भोंगा झाला की आम्ही रांगेत हात धुतो.
हे पाणी गटारात जात नाही.
भिंतीतल्या नळीतून खालच्या टाकीत उतरतं,
महिनाअखेर टाकी उपसतात, गाळ जाळतात,
आणि आमच्या नखांतून, हातावरच्या रेषांतून निघालेलं सोनं
कंपनीच्या वहीत जमा होतं
मिलिग्रॅमपर्यंत.

ओव्हरटाइमचा हिशेब मात्र अंदाजे.

मी पॉलिशला. अकरा वर्षं,
म्हणजे कागदावर बारा वेळा नवीन.
दर अकरा महिन्यांनी मला चार दिवस घरी बसवतात
आणि पाचव्या दिवशी विचारतात,
बाई, पूर्वीचा काही अनुभव?

परवा मरोळ पाइपलाइनच्या बालवाडीत
अननसाच्या चित्राखाली, बुटक्या खुर्च्यांवर
गुडघे पोटाशी घेऊन बसलो तीसेक जण.
खोपकर वकील सांगत होते :
एकोणतीस कायदे होते, त्यांचे आता चार केलेत.
सोपं. सुटसुटीत.
मागून नलूताई घोसाळकर
(पंचवीस वर्षं मुशीवर, भुवया कधीच्याच जळालेल्या)
म्हणाल्या,
एकोणतीस डाग आटवून चार लगडी केल्या ना,
मग घट किती गेली?

वकील हसले.
नलूताई नाही हसल्या.
आमच्यात हे विचारावंच लागतं, साहेब.
आटणीत तूट येते, कबूल आहे.
पण ती कुणाच्या नावावर टाकली
ते लिहून ठेवतात.

संपाआधी चौदा दिवस नोटीस.
म्हणजे आपण रागावणार आहोत हे दोन आठवडे आधी कळवायचं,
मग तो राग साठ दिवसांच्या आत वापरायचा,
आणि मधेच समेटाची बोलणी निघाली
तर झाकून ठेवायचा, नासू न देता.

शिवाय एक्कावन्न टक्के.
हजेरीपटावरच्या इतक्यांनी 'ही आमची' म्हटलं
तरच युनियन एकटी टेबलाशी बसणार.
पट दोनशे बाराचा.
सह्या हव्यात एकशे नऊ.

पेन आत नेता येत नाही, धातू असतो.
कागद नेता येतो, पण बाहेर येताना झडती.
म्हणून जेसिंता डिमेलोच्या ओट्यावर,
बोंबील बाजूला सारून, सह्या.
शबनमने उर्दूत केली. बिमल मैतीने बंगालीत,
आणि केसाएवढ्या तारेला डाख देताना न हलणारा त्याचा हात
तिथे हलला.

भाचीच्या लग्नाला वहिनीबरोबर पेढीवर गेले होते.
बिलावर दोन ओळी : सोनं. मजुरी.
वहिनी म्हणाली, मजुरी फार लावलीत हो.
पेढीवाल्याने लगेच कमी केली.
मी काही बोलले नाही,
हात पदराखाली घेतले.

एकशे सात झाल्या होत्या.
शनिवारी सात जणांचा करार 'पूर्ण' झाला,
सातही सही केलेले.
आता पट दोनशे पाचचा. हव्यात एकशे पाच.
आहेत शंभर.
दोन कमी होत्या, त्या पाच कमी झाल्या,
आणि कुणी काही चोरलं असं
कुठल्याच झडतीत सापडणार नाही.
नलूताईंना विचारलं, ही कुठली घट?
त्या म्हणाल्या, वहीत लिही.
नावं लिही सातांची, आणि तारीख.

आज रांगेत कुणी बोलत नव्हतं.
कॅमेऱ्याला कान नाहीत म्हणतात, तरी.
माझ्यापुढे कास्टिंगची ती नवी मुलगी, संजीवनी,
पहिल्याच कराराची,
तिच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो, उगाच कशाला म्हणून.
तिने बराच वेळ हात चोळले.
पुसायला मनाई आहे, म्हणून हवेत धरून वाळवत
मान न वळवता विचारलं,

जेसिंताताईंचं घर
चर्चच्या अलीकडे की पलीकडे?